पाच निळी बटणं आणि एक पांढरं

चेन्नईहून परत येऊन तीन आठवडे झाले. सांगलीत भेटेल तो विचारतो, महाबलीपुरम पाहिलंत का, मरीना बीचवर गेलात का, कांजीवरम आणलंत का. यातलं काहीच केलं नाही. त्या शहरात मी बावीस वर्षं नोकरी केली, तेव्हा हे सगळं झालं होतं. या वेळी मी गेलो होतो ते एका मेलेल्या माणसाच्या सदऱ्याबद्दल दोन जणांना खरं सांगायला. सांगून आलो. आता बाकीच्यांसाठी लिहितो आहे, कारण ती गोष्ट त्या दोघांपुरती राहिलेली नव्हती.

निमित्त चहाच्या दुकानातलं. सकाळी नदीकाठी फिरून झालं की आम्ही चार-पाच निवृत्त मंडळी तिथं बसतो. तिथल्या टीव्हीवर दूरच्या एका देशातल्या यादवी युद्धाची बातमी चालू होती. लोकांवर विषारी वायू सोडल्याचा आरोप होता, कोट घातलेले दोन तज्ज्ञ भांडत होते. आमच्यातले एक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ म्हणाले, "तपासणीत काही सापडलं नाही म्हणे. म्हणजे लोक खोटं बोलतायत. रिपोर्ट म्हणजे रिपोर्ट."

सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. आणि चहा तसाच ठेवून घरी आलो. रिपोर्ट म्हणजे काय असतं हे त्या बाकावर फक्त मला माहीत होतं. मी रसायनतज्ज्ञ. चेन्नईत एका खासगी प्रयोगशाळेत चामडं, पाणी, मसाले असल्या वस्तू तपासून त्यावर सह्या करण्यात माझा जन्म गेला. त्यातल्या एका सहीमुळे एका शाळामास्तरांचं नाव मातीत गेलं. ते निरपराध होते. हे मला सोळा वर्षं ठाऊक होतं.

त्याच दुपारी मी भावाच्या नातीला, मानसीला फोन केला आणि तिकीट काढायला सांगितलं.

वेलचेरी

मानसी पेरुंगुडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे आणि वेलचेरीत दोन मैत्रिणींबरोबर फ्लॅट घेऊन राहते. मैत्रिणी गावी गेल्या होत्या म्हणून मला खोली मिळाली. जिन्याजवळच्या भिंतीवर माझ्या खांद्याइतक्या उंचीवर एक मळकट रेघ होती. "पुराची," ती म्हणाली. मी थांबून पाहिली. सांगलीतही घराघरावर अशा रेघा आहेत, पण आपल्याकडे त्यावर साल लिहितात आणि पाहुण्याला कौतुकाने दाखवतात. इथं कुणी लिहिलं नव्हतं. "दर दोन वर्षांनी कोण लिहीत बसणार, आजोबा?" मानसी म्हणाली.

स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंनी रसम, बीन्सची भाजी आणि दहीभात केला होता. मी त्यांच्याशी तमिळमध्ये बोललो, तशा त्या पदर तोंडाला लावून हसल्या. माझी तमिळ चुकीची पण वेगवान आहे. मानसीची बरोबर पण चार वाक्यांची.

"इथं 'अक्का' आणि 'अण्णा' एवढं आलं की काम भागतं," ती म्हणाली. "बरं, तुम्ही नक्की कशाला आलात? बाबा म्हणाले, आजोबा काही सांगत नाहीत."

"एका जुन्या मास्तरांना भेटायचंय."

"फोन करायचा की."

"फोनवर सांगण्यासारखं नाही."

"लफडं आहे का काही?"

"आहे," मी म्हटलं. ती हसली. मी हसलो नाही, तशी तिने खुर्ची जवळ ओढली. मग मी तिला सांगायला सुरुवात केली. श्रीलंकेतल्या युद्धाचे शेवटचे महिने होते, असं म्हटल्यावर ती म्हणाली, "मी तेव्हा दुसरीत होते. तिथं युद्ध होतं हे माहितीय, पण गॅसचं काही ऐकलं नाही. ते दुसऱ्या देशात ना?"

तिचा दोष नाही. पण त्या दिवसांत या शहरात दुसरा विषय नव्हता. समुद्रापलीकडे आपली भाषा बोलणारी माणसं मरताहेत, आणि त्यांच्यावर रसायनं टाकली जाताहेत, असं सगळे म्हणत. तिथलं सरकार ते साफ नाकारत होतं. खरं काय ते इथं बसून कळायला काहीच मार्ग नव्हता. बस स्टॉपवर भाजलेल्या अंगांच्या फोटोंची पत्रकं वाटत. वकील कोर्टात जात नसत, कॉलेजची मुलं उपोषणाला बसत, दुकानं धडाधड बंद होत. माझा न्हावी दाढी अर्धी ठेवून मला विचारायचा, "सार, तुम्ही केमिस्ट ना? असा कुठला गॅस असतो का?" आमच्या मराठी मंडळात मात्र बहुतेक जण म्हणायचे, हा त्यांचा प्रश्न, आपण कामापुरतं राहावं. मीही तेच म्हणायचो.

मंडळात वेगळे होते एकटे राव मास्तर. तंजावरकडचे मराठी. त्यांच्या घरात तीनशे वर्षं मराठी बोलली जात होती आणि मराठी मुलूख त्यांनी एकदाच पाहिला होता. गणित शिकवायचे. संध्याकाळी लंकेतून आलेल्या निर्वासितांच्या मुलांची फुकट शिकवणी घ्यायचे. त्या मुलांपैकी एकाची आई सेल्वी. ती नुकतीच बोटीने आली होती. येताना तिने मेलेल्या नवऱ्याचा सदरा आणला होता. नवऱ्याची कातडी भाजून निघाली होती, त्याला श्वास घेता येत नव्हता, एवढं ती सांगायची. मास्तरांनी तिला म्हटलं, माझ्या ओळखीचे एक साहेब आहेत, सदरा तपासून घेऊ, जे निघेल ते लोकांना सांगू.

तो रविवार होता. प्रयोगशाळा बंद म्हणून मास्तर सदरा घेऊन माझ्या घरी आले. मी भाजीला गेलो होतो. दार माझ्या बायकोने, वसुधाने उघडलं. मास्तर घाईत होते. "हा एका मेलेल्या माणसाचा सदरा आहे, त्याच्या विधवेनें दिला आहे. साहेबांस द्या, फार महत्त्वाचा आहे," एवढं सांगून ते निघून गेले.

वसुधाच्या माहेरी मयताचा कपडा पाण्यातून काढल्याशिवाय उंबऱ्याच्या आत येत नसे. त्यात त्या सदऱ्याला घाण वास येत होता. त्यात तो कुणा विधवेचा. तिने तो बाहेरच्या नळावर साबणाच्या पाण्यात भिजवला, ब्रशने घासला, गच्चीवर वाळत टाकला. भाज्या घेऊन मी दुपारी परतलो तेव्हा घडी घातलेला सदरा टेबलावर होता. निळ्या-करड्या चौकड्यांचा. त्याची सहा बटणं निळी होती, पैकी एक तुटलेलं होतं. तिने तिच्या डब्यातलं पांढरं बटण तिथं शिवलं होतं.

"बिचारीला परत द्याल तेव्हा नीट तरी दिसेल," ती म्हणाली.

एग्मोर

दुसऱ्या दिवशी मानसीने रजा काढली आणि आम्ही आगगाडीने, मग रिक्षाने एग्मोरला गेलो. माझा अहवाल जिथं जाहीर वाचला गेला, ते सभागृह मला आधी पाहायचं होतं. माझी प्रयोगशाळा केव्हाच बंद झाली, तिथं आता टायरचं दुकान आहे असं ऐकलं होतं. सभागृह मात्र जागेवर होतं. नवा रंग दिलेला, आणि आत साड्यांचा सेल.

ऊन तापलं होतं. समोर कॉफीची टपरी होती. मालक माझ्याच वयाचा, कपाळावर भस्माचे पट्टे. त्याने आधी पाण्याचा ग्लास पुढे केला, मग विचारलं काय हवं. आपल्याकडे 'चहा घेणार ना?' असं विचारतात आणि त्या 'ना'मध्ये निम्मा चहा वाचवतात. इथली आधी पाणी देण्याची रीत मला पहिल्यापासून आवडली होती. मानसीने गरम पेला हातातल्या हातात नाचवत तोंडाला लावला आणि अर्धी कॉफी ओढणीवर सांडली. मालकाने ओला फडका दिला आणि लहान मुलीला म्हणतात तसं म्हणाला, "पाप्पा, पेला ओठाला लावायचा नाही. वरून ओत. हे तुझं ऑफिस नाही."

मी विचारलं, या सभागृहात पूर्वी सभा होत असत ना?

"अय्यो, किती! लंकेच्या वेळी तर रोज. ही बाकं मी आत न्यायचो." तो पुढे वाकला. "एक सदऱ्याची सभा झाली होती. आठवते तुम्हाला?"

मी म्हटलं, सांगा.

"एक मास्तर होते. लंकेच्या बाईचा सदरा तपासायला दिलाय म्हणाले. गॅस निघाला तर दिल्लीला पाठवू म्हणाले. हॉल भरला, बाहेर रस्त्यावर लोक. मास्तर उभे राहिले, कागद वाचला. म्हणे, काही सापडलं नाही." त्याने जमिनीकडे बोट दाखवलं. "चप्पल आली. दुसरी आली. तरी ते वाचतच होते. चश्मा पडला, तो उचलला, पुसला आणि खालची सही कुणाची तेही वाचलं."

माझी सही. तिच्यावर चप्पल पडली नाही.

"मग पेपरात सदऱ्याचा फोटो आला," तो म्हणाला, "आणि ती बाई म्हणाली, हा माझ्या नवऱ्याचा सदराच नाही! बटण वेगळंय! बदलला, सार, बदलला. खरा कुणीतरी दाबून ठेवला. मास्तर विकले गेले. आपला माणूस नव्हताच तो, मराठी होता."

मानसी माझ्याकडे पाहत होती. आदल्या दिवशी मी तिला सदरा धुतला तिथपर्यंतच सांगितलं होतं. आता त्या टपरीवर, त्या माणसासमोर बोलायची मला संधी होती. सोळा वर्षांपूर्वी होती तशीच. मी कॉफीचा पेला खाली ठेवला आणि उठलो.

रस्त्याच्या कडेला आल्यावर मानसी म्हणाली, "तुम्ही काहीच बोलला नाहीत."

"आधी मास्तरांना सांगायला हवं."

"की सवय झालीय?"

हे तिने रागाने विचारलं नव्हतं. म्हणून जास्त लागलं.

मग तिथंच, स्टेशनच्या भिंतीच्या सावलीत, मी तिला उरलेलं सांगितलं. धुतलेला सदरा मी सोमवारी प्रयोगशाळेत नेला. कपड्याचे तीन चौकोनी तुकडे पाठीकडून कापून तपासले. आमची उपकरणं चामड्यासाठी, पाण्यासाठी होती. युद्धातलं रसायन न धुतलेल्या सदऱ्यावरही सापडलं असतं की नाही, मी शपथेवर सांगू शकत नाही. पण साबणाने घासलेल्या सदऱ्यावर शोधणं म्हणजे घासलेल्या पातेल्यात काल काय शिजलं ते शोधणं. हे शिकाऊ मुलालाही कळतं. अहवालात एक रकाना असतो, 'नमुना मिळाला तेव्हाची स्थिती'. त्यात मी लिहिलं, 'कोरडा, घडी घातलेला.' एकही अक्षर खोटं नव्हतं. 'धुतलेला' एवढा एक शब्द लिहिला असता तर बाकीचा अहवाल आपोआप निरर्थक ठरला असता, आणि ठरायलाच हवा होता.

"का नाही लिहिलात?"

कारणं माझ्याकडे पुष्कळ होती. मालकांना भानगड नको होती. निनावी फोन येत होते. वातावरण तापलेलं, आम्ही परप्रांतातले. आणि लोक म्हणतील, केमिस्टच्या बायकोने पुरावा धुतला. तिचं नाव पेपरात येईल. हे शेवटचं कारण मी वर्षानुवर्षं स्वतःला पहिलं म्हणून सांगत आलो. पण पेपरातला फोटो वसुधाने पाहिला त्या सकाळी ती स्वतः मला म्हणाली होती, "बटणामुळे झालं हो हे. मी जाऊन सांगू का त्यांना?" आणि मी म्हणालो होतो, "गप्प बस. तुला काय कळतंय त्यातलं?"

ती गप्प बसली. तीन वर्षांपूर्वी गेली. आजारपणात एकदा विचारलं होतं तिने, राव मास्तरांना सांगितलंत का म्हणून. मी 'हो' म्हणालो होतो.

मानसीने ओढणीवरचा कॉफीचा डाग चोळला. मग म्हणाली, "आजी शिवायचीच बटणं. माझ्या फ्रॉकचंही शिवलं होतं, कुणाला न विचारता. लाल फ्रॉकला हिरवं."

पश्चिम माम्बलम

मास्तरांचं घर सापडायला तास लागला. गल्लीत दोन राव निघाले. पहिल्या घरी आम्ही पंधरा मिनिटं बसून कॉफी प्यायलो, तेव्हा कळलं की हे विम्याचे राव. त्यांनीच पुढच्या राव मास्तरांकडे पोचवलं.

मास्तर व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते. ऐंशी उलटलेली, एका डोळ्याने कमी दिसतं. पण आवाजावरून ओळखलं.

"आगाशे कीं? अय्यो, या, या! किती वर्षें जालीं! बसा पा. ही कोण, नात? आतां मराठी बोलती कीं इंग्लीश?"

त्यांची मराठी अशीच. शब्द जुन्या बखरीतले आणि चाल तमिळ. पूर्वी मंडळात तरुण मुलं त्यांची नक्कल करायची. वसुधा त्यांना दटावायची.

"वसुधाबाई कशा आहेत?"

मी सांगितलं. त्यांनी हात जोडले आणि थोडा वेळ डोळे मिटले. त्यांच्या पत्नी आतून मुरुक्कू, म्हणजे तिकडच्या चकल्या, घेऊन आल्या. मला ओळखलं, आणि ताटली माझ्यासमोर जरा जोरातच ठेवली.

मी तयारी करून गेलो होतो, पण सगळी वाक्यं उलटसुलट झाली. बटणापासून सुरू केलं. मग धुणं, मग रकाना. मास्तर ऐकत होते. मी थांबलो तेव्हा ते म्हणाले, "पुन्हा सांगा. सावकाश. तो सदरा बदलला नव्हता?"

"नाही. तुम्ही दिलात तोच. बटण माझ्या बायकोने शिवलं."

मास्तरांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "त्या दिवशीं माझ्या हातीं दोन पिशव्या होत्या," ते म्हणाले. "एक सदऱ्याची. एक इस्त्रीच्या कपड्यांची. मला वाटलें, पिशवी मींच बदलिली. म्हातारपण आलें, गणितवाला मी आणि दोन पिशव्या संभाळतां येत नाहींत. सोळा वर्षें मी इस्त्रीवाल्यास विचारीत आहें, तुजकडे चौकड्यांचा सदरा राहिला होता कां? तो मेला. त्याच्या लेकास विचारतों."

त्यांच्या पत्नी दारातच उभ्या होत्या. त्या तमिळमध्ये म्हणाल्या, "गल्लीतली पोरं हसतात यांना. 'सदरा तात्ता' म्हणतात." तात्ता म्हणजे आजोबा.

"शाळेंत उत्तर लपवी त्या पोरास मी एक पट्टी मारीत होतों," मास्तर म्हणाले. "चुकलें तर नाहीं. लपविलें तर. तुम्हांस किती मारूं, तुम्हींच सांगा." ते हसायला गेले, ते जमलं नाही. मानसीने उठून त्यांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसकण मारली. मला तेही सुचलं नाही.

मग ते आत गेले आणि एक कापडी पिशवी घेऊन आले. सेल्वीने सदरा परत घ्यायला नकार दिला होता, हा माझा नाहीच म्हणून. मास्तरांनी तो ठेवला होता. "दुसऱ्याचा सदरा टाकायचा कसा? ज्याचा असेल तो येईल."

पाठीवर तीन चौकोनी खिडक्या, माझ्या कात्रीने पाडलेल्या. पुढे पाच निळी बटणं आणि एक पांढरं.

"उद्यां पोरूरास जाऊं," मास्तर म्हणाले. "ती तेथें इडियाप्पम विकती. मजशीं बोलत नाहीं. रस्त्यांत दिसलों तर थुंकती. तुम्ही बोला."

पोरूर

सेल्वीचं दुकान म्हणजे रस्त्याकडेला एक गाळा, पुढे पत्र्याचं छप्पर. पोरूरच्या त्या भागात लंकेहून आलेली बरीच कुटुंबं आहेत. वाफेतून काढलेल्या इडियाप्पमच्या पांढऱ्या गुंडाळ्या वेताच्या चाळण्यांवर रचलेल्या. आपल्या शेवयांसारख्याच, पण तांदळाच्या आणि दुधागुळाशिवाय. त्याबरोबर लाल मिरचीचं खोबरं. नाकात ते तिखट गेलं आणि मी शिंकत शिंकतच दुकानात शिरलो. गिऱ्हाइकं चार-पाच.

सेल्वी पन्नाशीची, उंच, मोठ्या हाडाची बाई. मास्तरांना पाहताच तिने हातातला डाव ठेवला.

"तुम्हाला सांगितलं होतं ना, इथं यायचं नाही."

मी पुढे झालो. "अम्मा, त्या अहवालावर सही करणारा माणूस मी."

माझ्या तमिळमध्ये क्रियापदं चुकतात, आदरार्थी कुठं लावायचं ते चुकतं. पण मास्तरांनी मला एकदाही दुरुस्त केलं नाही. मी सांगत गेलो. गिऱ्हाइकांचे हात थांबले. सदरा धुतला, हे मी म्हटलं तेव्हा तिने फक्त पापणी हलवली. बटणाचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "खोटं."

मास्तरांनी पिशवी पुढे केली. तिने सदरा काढला, बाहेर उजेडात नेला. कॉलर उलटवून पाहिली. बगलेतली शिवण पाहिली. तिथं काही खूण असावी, आम्हाला दिसली नाही. पांढऱ्या बटणावर तिचं बोट बराच वेळ होतं. मग तिने सदरा नाकाशी धरला.

"साबण," ती म्हणाली. "अजून साबणच."

तिने सदरा खाली घेतला.

"बोटीत चार दिवस मी हा पोटाशी धरला होता. सगळे म्हणत होते, फेक, घाण येतेय. घाण होती. पण त्याखाली त्याचाही वास होता. म्हणून मी धुतला नव्हता." ती मास्तरांकडे वळली. "तुम्ही मागितलात तेव्हा दिला, कारण तुम्ही म्हणालात, हा पुरावा आहे."

मी म्हटलं, माझ्या बायकोला माहीत नव्हतं. तिला वाटलं, तुमच्यासाठी नीटनेटका करावा.

"तिला काय बोलू?" सेल्वी म्हणाली. "आमच्याकडेही धुतातच. माझ्या सासूनेही धुतला असता." मग एकदम तिचा आवाज चढला. "तुम्हाला कळतं का, तुम्ही आज माझ्याकडून काय हिरावून घेतलंत? इतकी वर्षं मी पोरांना सांगतेय, खरा सदरा कुठंतरी कुणाच्या कपाटात आहे. एक दिवस निघेल. त्या दिवशी सगळ्यांना कळेल. आता काय सांगू? तो या पिशवीतच होता, आणि त्यात आता काहीच नाही?"

मी समजत होतो की मी मास्तरांचं नाव परत द्यायला आलोय. ते देताना तिच्या हातून काय काढून घेणार आहे, याचा मी विचारच केला नव्हता.

"गॅस होता का?" तिने विचारलं.

"मला माहीत नाही."

"रिपोर्टात तर लिहिलं होतं, नव्हता."

"रिपोर्टात लिहिलं होतं, सापडला नाही. धुतलेल्या कपड्यात सापडणारच नव्हता. तो कागद काहीच सांगत नाही, अम्मा. होता असंही नाही, नव्हता असंही नाही. लोकांनी तुम्हाला खोटं ठरवलं ते चूक. मास्तरांना चोर ठरवलंत तेही चूक."

तिने मास्तरांकडे पाहिलं. ते भिंतीला टेकून उभे होते. तिने एक स्टूल पायाने सरकवलं. "बसा," ती म्हणाली. मग इतक्या हळू की मला नीट ऐकू आलं नाही, ती काहीतरी पुटपुटली आणि वाकून त्यांच्या पायाला हात लावला. मास्तर घाईघाईने म्हणाले, "नको, पा, नको. उठ. मुलगा काय करतो तुझा? वर्गमूळ येत नव्हतें त्याला."

"कॅनडात आहे. अजून येत नसेल."

दुकानातलं कुणीतरी हसलं. सेल्वीने तीन पानं मांडली. मी म्हणालो, मला नको, भूक नाही.

"जेवा," ती म्हणाली. "तुमच्याकडून लिहून घ्यायचंय. उपाशी माणसाकडून मी लिहून घेत नाही."

जेवण उत्तम होतं, हे लिहिताना लाज वाटते, पण होतं. मानसीच्या डोळ्यांतून मिरचीमुळे पाणी येत होतं, की आणखी कशामुळे ते तिलाच ठाऊक. मास्तरांनी दोनदा मागून घेतलं.

मग सेल्वीने बिलाचं पुस्तक पुढे केलं आणि म्हणाली, मागच्या बाजूला लिहा. मोठ्या अक्षरात. मी इथं भिंतीवर लावणार आहे. मी तमिळ लिपीत पोरासारखं एकेक अक्षर काढत लिहिलं. मास्तरांनी मागून पाहून दोन शब्द सुधारले. तेच इथं मराठीत देतो, म्हणजे ज्यांनी तेव्हा तो अहवाल वाचला किंवा ऐकला त्यांनाही मिळेल:

'राव मास्तरांनी आणून दिलेला सदरा सेल्वी यांच्या नवऱ्याचाच होता. तो कुणी बदलला नाही. तपासणीआधी माझ्या घरी तो साबणाने धुतला गेला आणि त्याला एक बटण शिवलं गेलं. हे मला माहीत होतं आणि मी अहवालात लिहिलं नाही. त्यामुळे त्या अहवालावरून काहीही ठरत नाही. त्या माणसाचा मृत्यू कशाने झाला हे मला माहीत नाही.'

खाली सही केली. सेल्वीने कागद घेतला, ओठ हलवत पूर्ण वाचला, आणि परत माझ्यासमोर ठेवला.

"तारीख नाही."

मी पेन उचललं आणि विचारलं, कुठली घालू? अहवालाची, की आजची?

"आजची," ती म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही लिहिलं नव्हतं."